‘बरं’ म्हणायची सोय नाही

मराठीत ‘बरं’ या एका शब्दावर अख्खा दिवस निभावता येतो. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘बरं’ म्हणजे पटलं. ‘बरं’ म्हणजे करतो. आणि जरा लांबवून म्हटलं की ‘बरं’ म्हणजे आता फोन ठेवा. यातलं कुठलं बरं कुठलं, हे समोरच्याने सुरावरून ओळखायचं. घरात ते ओळखलंही जातं, कारण सूर ओळखीचा असतो.

पुण्याच्या लोहगावहून उडालेल्या विमानाच्या रेडिओवर ही सोय नाही. तिथे प्रत्येक ‘बरं’ला वेगळा शब्द नेमून दिलाय. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं, बस. त्यात होकार नाही की वचन नाही. ‘विल्को’ म्हणजे समजलं आणि तसं करतो. ‘अफर्म’ म्हणजे हो. ‘स्टँड बाय’ म्हणजे थांबा, मी बोलावतो. त्याला ना होकार समजायचं, ना नकार. जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरने उंची दिली आणि वैमानिक नुसतं ‘रॉजर’ म्हणून गप्प बसला, तर कंट्रोलर त्याला सोडत नाही. आकडा परत म्हणून घेतो.

हा काटेकोरपणा कुठून आला, ते बघायला २७ मार्च १९७७ या तारखेकडे जावं लागतं. कॅनरी बेटांतल्या तेनेरिफच्या विमानतळावर धुकं उतरलेलं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो धावपट्टीच्या टोकाला, आणि त्याच धावपट्टीवर समोरून अमेरिकेच्या पॅन ॲमचं जम्बो हळूहळू येतंय. केएलएमचा सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, ‘वुई आर नाउ ॲट टेकऑफ.’ टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. विमान प्रत्यक्षात धावायला लागलं होतं. टॉवर म्हणाला, ‘ओके’, आणि जरा थांबून पुढे, ‘स्टँड बाय फॉर टेकऑफ, मी तुम्हाला बोलावतो.’ नेमकं त्याच वेळी पॅन ॲमनेही बटण दाबलं: आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर पडले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये तीन-चार सेकंद कर्कश शीळ वाजली. स्वच्छ पोचलं ते ‘ओके’. म्हणजे ‘बरं’च. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्दच राखीव झाला. उड्डाणाची परवानगी देताना किंवा दिलेली काढून घेताना तो उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. सोवळ्यातलं भांडं जसं इतर कामाला वापरत नाहीत, तसं.

त्या शिळेविषयी थोडं सांगायला हवं, कारण ती दोष वाटते आणि आहे मात्र उपयोगाची. नागरी विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. आपल्या एफएम रेडिओची पट्टी १०८ला संपते. विविध भारती पुण्यात १०१वर लागते, तिथून काटा पुढे सरकवता आला असता तर थोड्याच अंतरावर विमानं लागली असती. पण तिथला आवाज एफएमचा नाही. तो एएम आहे, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र लागायचं त्या जातीचा, खरखरीत, खालचे-वरचे सूर कापलेला. जगाने एफएमचा गोड आवाज घेतला तरी विमानं जुन्याला चिकटून राहिली. याची कारणं अनेक आहेत, पण मला सगळ्यात पटणारं हे: एफएमवर दोघं एकाच वेळी बोलले तर जोरदार लहर कमजोर लहरीला पूर्ण गिळून टाकते. ऐकणाऱ्याला दुसरं कुणी बोललं याचा पत्ताही लागत नाही. एएमवर दोन्ही लहरी मिसळतात, त्यांच्या फरकाची शीळ वाजते, आणि निदान कळतं की कुणीतरी दबलं गेलंय. मग कुणी तरी एकच शब्द टाकतो, ‘ब्लॉक्ड’, आणि दोघंही पुन्हा बोलतात.

एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि बोलताना ऐकू येत नाही. त्यामुळे शिष्टाचार असा: नवी फ्रिक्वेन्सी लावली की आधी दोन-तीन सेकंद कान द्यायचा. कुणाचं संभाषण अर्धवट असेल तर पुरं होऊ द्यायचं. मग बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं आणि मग तोंड उघडायचं. बटण आणि जीभ एकदम चालली की पहिलं अक्षर कापलं जातं, आणि पहिलं अक्षर बहुधा कुणाच्या तरी नावाचं असतं. मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जाऊ नये असं आंतरराष्ट्रीय नियमपुस्तक सांगतं. गर्दीच्या वेळी ते फारसं कुणी पाळत नाही, आणि घाईने बोललेलं परत विचारलं जातं, म्हणजे वाचवलेले दोन सेकंद चार होऊन खर्ची पडतात.

आता लोहगाव. हा हवाई दलाचा तळ. नागरी टर्मिनल त्याच्या कुशीत, आणि टॉवरमध्ये बसलेले कंट्रोलरही हवाई दलाचे. मुख्य धावपट्टी एकच, २,५३५ मीटरची, एका टोकाने १० आणि दुसऱ्या टोकाने २८. म्हणजे चुंबकीय दिशा अंदाजे १०० आणि २८० अंश. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की २८वरून उडायचं, टिंगरेनगर-विश्रांतवाडी पोटाखाली घेत. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर, त्यामुळे चाकं जमिनीवर असतानाच उंचीमापक दोन हजारांच्या आसपास असतो. याच धावपट्टीवरून सुखोई-३०ही उडतात. लष्करी विमानांचं बोलणं जगभर मुख्यत्वे २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या यूएचएफ पट्ट्यात चालतं. नागरी वैमानिकाच्या कानाला ते लागत नाही. एरवी एका फ्रिक्वेन्सीवरचे सगळे एकमेकांचं ऐकत असतात, पूर्वीच्या वाड्यात सार्वजनिक नळावर सगळ्या बिऱ्हाडांची खबर मिळायची तसं. कोण उतरतंय, कोण वाट अडवून बसलंय, हे न विचारता कळतं. लष्करी-नागरी सामाईक धावपट्टीवर या नळाची अर्धी बातमी दुसऱ्या मजल्यावर राहू शकते. तिथे कंट्रोलरवर जास्त भिस्त ठेवावी लागते.

विमान धावायला लागलं की टॉवर शक्यतो गप्प बसतो. वर उचलताना कॉकपिटमध्ये दोघांचीही कामं ठरलेली असतात: एक उडवतो, दुसरा आकड्यांवर नजर ठेवतो आणि रेडिओ सांभाळतो. चाकं आत, मग दीड-दोन हजार फूट वर गेल्यावर इंजिनाचा जोर थोडा कमी, मग फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, टप्प्याटप्प्याने आत. याच धांदलीत कधीतरी टॉवर पुढची फ्रिक्वेन्सी देतो: अप्रोचशी, म्हणजे विमानतळाभोवतालचं आकाश सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी, बोला. दुसरा वैमानिक ती परत म्हणतो, बाजूच्या राखीव खिडकीत आकडे फिरवतो आणि अदलाबदलीचं बटण दाबतो. जुनी फ्रिक्वेन्सी आता राखीव खिडकीत जाऊन बसते. ही छोटीशी रचना ज्याने केली त्याला दाद द्यावीशी वाटते, कारण नव्या जागी कुणी उत्तर देईना तर एका बटणात मागे येता येतं. सहा आकड्यांत एक चुकीचा फिरवला की माणूस कुठल्या तरी तिसऱ्याच शहराच्या शांततेत जाऊन पोचतो.

अप्रोचला पहिल्यांदा हाक मारताना तीन गोष्टी सांगायच्या: मी कोण, कुठल्या उंचीतून चाललोय, आणि कुठल्या उंचीपर्यंत परवानगी आहे. ‘पासिंग फोर थाउजंड टू हंड्रेड, क्लाइंबिंग…’ असं. चालू उंची सांगायची ती उगाच नव्हे. विमानातला ट्रान्सपॉन्डर कंट्रोलरच्या पडद्यावर चार आकडी कोड आणि उंची पाठवत असतो. वैमानिकाच्या तोंडची उंची आणि पडद्यावरची उंची यांत तीनशे फुटांपर्यंत फरक चालतो. उंचावरच्या दाट मार्गांवर दोनशेच. त्याहून जास्त निघाला तर कुणाचं तरी यंत्र खोटं बोलतंय, किंवा उंचीमापकात हवेचा दाब चुकीचा भरलाय. एक हेक्टोपास्कल चुकला की साधारण २७ ते ३० फूट चुकतात. पावसाळ्यात दाब प्रमाण धरलेल्या १०१३च्या बराच खाली असतो. आठ-दहा हेक्टोपास्कलची चूक म्हणजे तीनशे फूट कुठे गेले कळत नाही.

तो कोडही मजेचा आहे. त्यात आठ आणि नऊ नसतात. प्रत्येक घर शून्य ते सात, म्हणून एकूण ४,०९६ कोड. त्यातले तीन कुठल्याही विमानाला नेमून देत नाहीत: ७५०० अपहरण, ७६०० रेडिओ बंद, ७७०० संकट.

पुढे मुंबई. भारताचं आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या प्रदेशांत वाटलेलं आहे, आणि पुण्याहून दिल्लीला निघालेलं विमानही चढताना मुंबईच्याच ताब्यात जातं. पण जमिनीवरून मुंबईला थेट हाक पोचत नाही, सह्याद्री आडवा. या लहरी नजरेच्या रेषेतच जातात. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर, १,३०० मीटरवर का नेऊन बसवला, त्याचं उत्तर हेच. पल्ल्याचं गणित सोपं आहे: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, १.२३ने गुणायचं, सागरी मैल मिळतात. दहा हजार फुटांवरून १२३ मैल, पस्तीस हजारांवरून २३०. विमान जसं चढतं तसा त्याचा आवाज पसरत जातो, आणि उंचावरच्या वैमानिकाला कधीकधी शेजारच्या प्रदेशातल्या, त्याच्याशी काही संबंध नसलेल्या हाकाही ऐकू येतात. दुबईला जाणारं विमान अरबी समुद्रावर बरंच आत गेलं की हा पल्लाही संपतो. मग आयनांबरावरून परतणारी एचएफची लघुलहर, किंवा उपग्रहामार्गे लेखी निरोप.

आकड्यांकडे येतो, कारण रेडिओवरचं बहुतेक बोलणं म्हणजे आकडेच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं, आणि महाराष्ट्रभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी कधी ‘त्रेसष्ट’ आणि ‘त्र्याहत्तर’ खरखरत्या लाइनवर ऐकून लिहून घेतले असते तर जरा मवाळ झाले असते. रेडिओने हा वाद पूर्वीच मिटवलाय: आकडे सुटे, डावीकडून उजवीकडे. दिशा ‘टू सेव्हन झिरो’, फ्रिक्वेन्सी मध्ये ‘डेसिमल’ घालून. नऊला ‘नाइनर’ म्हणायचं, कारण इंग्रजीत नाइन आणि फाइव्ह गोंगाटात सारखेच लागतात. पूर्ण शेकड्यांना मात्र अपवाद. फ्लाइट लेव्हल १००, म्हणजे दहा हजार फूट, ‘वन हंड्रेड’ असंच म्हणतात, कारण ‘वन झिरो झिरो’ आणि ‘वन वन झिरो’ यांची गल्लत अनेकदा झालीय, आणि त्या दोघांत हजार फुटांचं अंतर असतं. नेमकं तेवढंच, जेवढं दोन विमानांत ठेवायचं असतं.

आकडे सुटे म्हटले तरी ‘टू’चा घोळ उरतोच. इंग्रजीत दोन म्हणजेही ‘टू’ आणि ‘पर्यंत’ म्हणजेही ‘टू’. १९ फेब्रुवारी १९८९ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू जम्बोला २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितलं गेलं: ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो.’ वैमानिकाने ऐकलं, चारशेपर्यंत. त्याने ‘ओके, फोर झिरो झिरो’ असं परत म्हटलंही, आणि ते कुणी अडवलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघं गेले.

इथे खरी मेख आहे. रीडबॅक, म्हणजे ऐकलेलं परत म्हणणं, हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा भाग म्हणजे कंट्रोलरने ते परत म्हटलेलं खरोखर ऐकणं, आणि तोच ढिला पडतो. त्याने स्वतः नुकताच एक आकडा उच्चारलेला असतो. कानाला तोच अपेक्षित असतो, आणि अपेक्षित असलेलं ऐकू येतं. पाढे म्हणणाऱ्या मुलाची चूक पेपर वाचत बसलेल्या बापाच्या कानावरून जाते, ती याच कारणाने. वैमानिकाच्या बाजूलाही तेच. रोज त्याच उंचीवर थांबवतात, म्हणून आजही तीच ऐकू येते. उंची, दिशा, वेग, धावपट्टी, दाब, कोड, फ्रिक्वेन्सी हे सगळं शब्दशः परत म्हणायचं बंधन आहे, आणि शेवटी आपलं नाव.

नावांचीही भानगड असते. इंडिगोची विमानं रेडिओवर ‘आयफ्लाय’ असतात, एअर इंडिया एक्स्प्रेसची ‘एक्स्प्रेस इंडिया’. एका कंपनीची दहा विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर असली की पहिला शब्द निरुपयोगी ठरतो, सगळा भार क्रमांकावर येतो. २१४६ आणि २१६४ एकाच वेळी चढत असतील तर एकाची परवानगी दुसरा उचलू शकतो. म्हणून हल्ली क्रमांकात अक्षरं मिसळतात. ती अक्षरं उच्चारायची पद्धत १ मार्च १९५६पासून जगभर एकच आहे: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. आपण फोनवर ‘ब बदकाचा, भ भटजीचा’ सांगतो तेच हे. तिथे ‘अल्फा’ मुद्दाम ‘एफ’ने लिहितात आणि ‘ज्युलिएट’ला शेवटी दोन ‘टी’ लावतात, म्हणजे कुणी ‘पीएच’ अडखळत वाचू नये आणि फ्रेंच माणसाने शेवटचा ‘ट’ खाऊ नये. देवनागरीत लिहिलं असतं तर हा खटाटोप वाचला असता.

उड्डाणानंतरच्या या बोलण्याची सगळ्यात मोठी किंमत आपल्याच देशात मोजली गेली. १२ नोव्हेंबर १९९६ची संध्याकाळ. सौदीचं जम्बो दिल्लीहून नुकतंच उडालेलं. त्याला चौदा हजार फुटांवर थांबवलं होतं आणि ते थांबलं. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-७६ उतरायला येत होतं, त्याला पंधरा हजारांची मर्यादा. तेव्हा येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने ये-जा करत. दिल्लीच्या रडारवर ठिपके दिसत, उंची दिसत नसे. कंट्रोलर पूर्णपणे तोंडी शब्दावर अवलंबून. इल्युशिनमध्ये रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता आणि त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता; उंची बघायला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावं लागे. चालकदलाचं इंग्रजी कच्चं. विमान पंधरा हजारांच्या खाली घसरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात टक्कर झाली. दोन्हींतले मिळून ३४९ गेले. त्यानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारं रडार आलं, टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. इंग्रजी किमान चौथ्या पातळीचं हवं, हा आंतरराष्ट्रीय नियम मार्च २००८पासून लागू झाला. ‘पासिंग फोर थाउजंड टू हंड्रेड’ हे रटाळ वाक्य ऐकताना मला ही संध्याकाळ आठवते.

कुणाला वाटेल, एखादा रिसीव्हर घेऊन गच्चीवर बसावं आणि ऐकावं. त्या भानगडीत पडू नये. विनापरवाना रेडिओ-यंत्र बाळगण्याविरुद्ध आपल्याकडे १९३३ सालापासून कायदा आहे, शिवाय लोहगाव संरक्षण खात्याचा तळ.

राहता राहिला रेडिओ बंद पडण्याचा प्रकार. बहुतेक वेळा तो बंद पडलेला नसतोच. आवाज बारीक केलेला असतो, हेडसेटची पिन सैल असते, आकडा चुकलेला असतो, किंवा कुणाचं तरी बटण दाबलेलं अडकलंय आणि सगळी फ्रिक्वेन्सी त्याच्या कॉकपिटमधल्या गप्पा ऐकत बसलीय. फेब्रुवारी २०१७मध्ये मुंबईहून लंडनला निघालेल्या एका विमानाशी जर्मनीवर संपर्क तुटला, तर जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं बघायला वर आली. उपाय याच क्रमाने: आवाज, पिन, दुसरा सेट, मागची फ्रिक्वेन्सी, मग आणीबाणीची १२१.५, जी दुसऱ्या सेटवर सतत ऐकत राहायचीच असते. जवळच्या विमानाला निरोप द्यायला सांगता येतं. काहीच जमेना तर ७६००. रडारच्या टप्प्यात असाल तर शेवटची दिलेली उंची आणि वेग सात मिनिटं धरून ठेवायचा, मग लेखी योजनेप्रमाणे पुढे. तुम्ही कधी काय कराल, हे खालच्याला न विचारता कळावं म्हणून ही मिनिटं आधीच ठरवलेली.

कधीकधी फक्त बोलणं बंद पडतं, ऐकणं चालू असतं. अशा वेळी कंट्रोलर म्हणतो: ऐकू येत असेल तर आयडेंट दाबा. वैमानिक ट्रान्सपॉन्डरचं एक बटण दाबतो आणि पडद्यावरची त्याची खूण काही सेकंद ठळक होते. मग कंट्रोलर उरलेले सगळे प्रश्न असे विचारतो की उत्तर त्या खुणेतच मिळावं. आणि विमान अगदी जवळ आल्यावर टॉवरमधून दिवा दाखवतात: सलग हिरवा म्हणजे उतरा, सलग लाल म्हणजे वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे इथे उतरू नका. दिवसा वैमानिक पंख डोलावून पोच देतो, रात्री लँडिंगचा दिवा दोनदा उघडझाप करून.